‘नोजगे’ म्हणजे काय, मॅडम?

“मॅडम, तुमी इंग्रजीच्या हाय काय?”

टोमॅटो निवडता निवडता माझा हात थांबला. बुलढाण्यात येऊन मला दीड वर्ष झालं होतं, पण रविवारच्या बाजारात भावाशिवाय दुसरं काही कोणी माझ्याशी बोललं नव्हतं.

मान वर केली. ताडपत्रीवर टोमॅटो, वांगी, कोथिंबिरीच्या जुड्या. त्यांच्यामागे पोत्यावर माझ्याच वयाचा एक माणूस बसला होता. निळा स्वेटर, कोपरावर उसवलेला. तो माझ्या पिशवीकडे बघत होता. पिशवीतून चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा वर आला होता आणि सगळ्यात वरच्या पेपरावर माझ्याच लाल पेनाने काढलेले चार-पाच गोल दिसत होते.

“हो,” मी म्हटलं. “का?”

“एक शब्द इचारायचा होता. रागावसान तं नाई?”

“विचारा ना.”

त्याने शर्टाच्या खिशातून चौकोनी घडीचा कागद काढला, उलगडला, पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं… “नोजगे.”

“काय?”

“नोजगे. असंच लिहेल हाय. नोजगे म्हणजे काय, मॅडम?”

“कुठे लिहिलंय?”

“माह्या पणजोबाच्या वहीत. मोबाईलमधी टाकून पाह्यलं, तं मोबाईल नाकाचे डॉक्टर दाखवते.”

मी हसले. चांगलं मोठ्याने हसले, आणि माझं मलाच दचकायला झालं. बाजूची लसूणवाली बाईसुद्धा वळून बघायला लागली.

मग त्याने सांगितलं. त्याचे पणजोबा पुंजाजी एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. साहेबाची बाई म्हातारी, तिचं इंग्रजीही म्हातारं. ती कामं सांगायची आणि पुंजाजी कानाला जसा ऐकू येईल तसा तो शब्द मराठी अक्षरांत वहीत लिहून ठेवायचे. पुढे काय करायचं तेही लिहायचे. आजोबा वारले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत ही वही निघाली.

मी डोळे मिटून तो शब्द दोनदा पुटपुटले. नोज… गे. आणि एकदम लक्षात आलं.

“फुलांचा लहानसा गुच्छ! हातात धरून वास घ्यायचा. ‘नोज’ म्हणजे नाक, आणि ‘गे’ म्हणजे जुन्या इंग्रजीत आनंदी, सुंदर. नाकाला आनंद देणारं ते नोजगे. आता कोणी म्हणत नाही असं. आता सगळे बुकेच म्हणतात.”

“मंग बरोबर हाय!” त्याचा चेहरा उजळला. “पुंजाजीनं पुढं लिहेल हाय, ‘पाच रंगाचे. दांडी बोटभर. बाईले रोज सकाळी.’ मी म्हणो, काय खायची वस्तू असंन.”

त्याने माझे पाव किलो टोमॅटो पिशवीत टाकले. मग कोथिंबिरीची एक जुडी उचलली, पाणी झटकलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

“घ्या. नोजगे.”

त्या संध्याकाळी खोलीवर गेले तर हाताला कोथिंबिरीचा वास येत होता. मी बराच वेळ हात धुतले नाहीत.

जांभरून रोडवर कौशल्याबाईंच्या घराच्या गच्चीवर माझी खोली होती. एक खाट, एक शेगडी, खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी. कॉलेजात मी तासिका तत्त्वावर होते. जेवढे तास, तेवढी मी. शनिवारी दुपारी शेवटचा तास संपला की सोमवारी सकाळपर्यंत कोणाशी बोलायचा प्रसंगच यायचा नाही. कौशल्याबाईंना ऐकू कमी यायचं, त्यामुळे त्यांच्याशी खाणाखुणाच. सोमवारी हजेरी घेताना पहिली दोन नावं घशातच अडकायची. तीस वर्षांची झाले होते. बरोबरीच्या मैत्रिणी पुण्या-संभाजीनगरला, आपापल्या मुलांच्या शाळेच्या बसमागे धावत होत्या. त्यांचे फोन यायचे, पण दोन मिनिटांत कुकरची शिट्टी व्हायची आणि “चल गं, नंतर बोलू” म्हणायच्या. माझ्याकडेही कुकर होता. त्यात एकटीपुरता भात लावला की तो तळाशी लागायचाच.

पुढच्या रविवारी मी बाजारात तासभर आधीच पोचले. टोमॅटो संपतील म्हणून — असं मी स्वतःला सांगितलं.

“आल्या!” तो म्हणाला, जसं काही आमचं ठरलंच होतं. “आज सोपा हाय. लव्ह ॲपल.”

मी काटा बघितला, वांगी बघितली, शेवटी त्याच्याकडे बघितलं. “हा वहीतला आहे?”

“वहीतलाच! आईची आण. काऊन, काई वंगाळ हाय का?”

“नाही. टोमॅटो. टोमॅटोला पूर्वी लव्ह ॲपल म्हणायचे. तो खाल्ला की माणूस प्रेमात पडतो असं लोकांना वाटायचं.”

तो ताडपत्रीवरच्या लाल ढिगाकडे बघत राहिला. “म्हणजे हे… मी पाच वर्षांपासून इकून राह्यलो?”

“पुंजाजींनी काय लिहिलंय?”

त्याने कागद वाचला, “‘बी कुंडीत टाकाव. बाई म्हणते खाल्लं तं पिरेम होते. मी दोन खाल्ले. काई झालं नाई.’”

आम्ही दोघंही इतके हसलो की लसूणवालीने विचारलं, “काय झालं रे इंद्रभान?” असं मला त्याचं नाव कळलं.

“इंद्रभान?”

“हसू नका. पणजोबाच्या भावाचं नाव ठेवलं माह्या बापानं. शाळेत मास्तर म्हणे, तुह्या नावाले हाक मारायच्या आधी डोक्याले टोपी घालाव लागते. तुमचं काय?”

“निशिगंधा.”

“आमच्या वावरात दोन ओळी हायेत.”

“कशाच्या?”

“तुमच्या.” आणि मग कानापर्यंत लाल होत, “म्हणजे, फुलाच्या. निशिगंधाच्या. तुमच्या म्हणजे तुमच्या नाई.”

त्या दिवशी त्याने मला टोमॅटो तोलून दिले नाहीत, ओंजळभर टाकले, आणि मीही हिशोब विचारला नाही.

असे रविवार सुरू झाले. थंडीचे दिवस होते. बाजार उठायला आला की घाटाकडून गार वारा यायचा, ताडपत्र्या फडफडायच्या. तो उरलेला माल पोत्यात भरून ठेवायचा आणि मागच्या टपरीवर आम्ही चहा घ्यायचो. पुंजाजींचा एक शब्द, एक चहा. एकदा ‘हिदर’ निघाला. ‘हिदर’ म्हणजे इकडे, जुना शब्द, असं मी सांगितलं तर त्याने पुंजाजींची टीप वाचली, “‘हिदर म्हणजे इधर. बाई अर्धी हिंदीच बोलते.’” एकदा शब्द मला सुटेना, तर मी कॉलेजच्या लायब्ररीतला जाडजूड कोश काढून बसले. ग्रंथपाल म्हणाले, “मॅडम, पीएच.डी. चालू केली वाटतं?” मी नुसती मान हलवली.

हळूहळू मला तो कळत गेला. धाडच्या अलीकडे चार किलोमीटरवर त्यांची पाच एकर जमीन. वडील नाहीत, घरी आई. बी.ए. करून त्याने चार वर्षं बुलढाण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षा दिल्या, दोनदा थोडक्यात राहिला आणि मग वावरात परत गेला.

“वावरात बरं वाटते,” तो म्हणाला. “पण दिवसभर बोलाले कोणी नाई. आई बोलते ते म्हशीसंग. मंग मी वही काढतो.”

“आणि लग्न?” मी विचारून बसले.

“सहा पोरी पाह्यल्या.” त्याने चहाचा ग्लास गोल फिरवला. “पाह्यल्या म्हणजे त्यायनं मले पाह्यलं. एकीच्या बापानं घरात बी नाई घेतलं. मोटारसायकलवरूनच इचारलं, नोकरी हाय का? नाई म्हटलं. त्यानं म्हटलं, मंग कायले चहा वाया घालता.”

तो हसत हसत सांगत होता. मला मात्र त्या अनोळखी बापाचा राग आला. माझे वडील याहून वेगळे वागले असते का, हे मी त्या वेळी स्वतःला विचारलं नाही.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी त्याने वाचलं, “इसपिन्स्टर.”

मी चहाचा ग्लास खाली ठेवला.

“कठीण हाय का? पुंजाजीनं लिहेल हाय, ‘बाईची बहीण. तिले येगळा वाफा.’”

“स्पिन्स्टर,” मी म्हटलं. “सूत कातणारी बाई. पूर्वी ज्या मुलींचं लग्न झालं नाही, त्या घरात बसून सूत कातायच्या. म्हणून ते त्यांचं नाव पडलं. मग चरखे गेले. आता अर्थ एवढाच… वय झालेली, लग्न न झालेली बाई.”

टपरीवाल्याचं दूध उतू गेलं, कोणीतरी ओरडलं. मी पिशवी उचलली.

“मॅडम, मले खरंच माहीत नव्हतं—”

“शब्दच आहे हो. त्यात काय.”

भाजी न घेताच मी निघाले. रात्री जेवलेही नाही. खिडकीत उभी राहून मी त्या साहेबीण बाईच्या बहिणीचा विचार करत होते. परक्या मुलखात, बहिणीच्या संसारात, तिला एक वेगळा वाफा दिला होता म्हणे. तिने त्यात काय लावलं असेल?

पुढच्या रविवारी जायचंच नाही असं ठरवलं होतं. पाच वाजता गेले. त्याच्या ताडपत्रीवर भाजीच नव्हती. सगळी विकून तो तसाच बसून होता. मला बघितल्यावर त्याने ओल्या फडक्यात गुंडाळलेली निशिगंधाची एकच दांडी काढली.

“थंडीत नीट फुलत नाई. एवढी एकच निघाली.” आणि मग खाली बघत, “आज दुसरा शब्द हाय. ॲनॉन.”

मी फूल घेतलं. आवाज नेहमीसारखा ठेवायचा प्रयत्न करत म्हटलं, “ॲनॉन म्हणजे आधी होतं ‘ताबडतोब’. पण लोक ॲनॉन म्हणायचे आणि उशिरा यायचे. मग अर्थच बदलला. ‘थोड्या वेळाने’ असा झाला.”

“म्हणजे आपल्या ‘आलोच’सारखं.”

“अगदी तसंच.”

“कोणी खरंच येत असंन, तरी बी लोक ते खरं धरत नसतीन मंग.”

मी त्याच्याकडे पाहिलं. तो पोत्याचं तोंड बांधत होता.

मग ‘टॅरी’ हा शब्द आला. “रेंगाळणं. जायला निघून न जाणं,” मी सांगितलं, आणि त्या दिवशी आम्ही दोन चहा घेतले. मग फोरलॉर्न. “एकाकी. सगळ्यांनी सोडलेला,” मी म्हटलं. त्याने विचारलं, “एकटा अन् एकाकी येगळं असते काय?” मी म्हटलं, “असतं.” “हाव,” तो म्हणाला, “असते.” मधल्या काही रविवारी शब्दच निघायचा नाही. “वही घरी राह्यली,” तो म्हणायचा, आणि आम्ही तसेच बसायचो.

फेब्रुवारी संपता संपता उन्हाला धार आली. त्या रविवारी टपरीवर कोणी नव्हतं.

“स्वेन,” तो म्हणाला.

हा मला माहीत होता. एम.ए.ला जुन्या कवितांमध्ये भेटला होता. “खेड्यातला तरुण. शेतात राबणारा.”

“बस?”

“…अजून एक अर्थ आहे.”

“सांगा ना.”

“प्रियकर,” मी चहाच्या ग्लासात बघत म्हटलं. “एखाद्या मुलीवर मनापासून जीव लावणारा.”

“एकाच शब्दात दोन्ही? शेतकरी बी तोच अन् प्रियकर बी तोच?”

“हो.”

“मंग तवाच्या शेतकऱ्याले पोरी भेटत असतीन,” तो म्हणाला आणि हसला. मी हसले नाही. थोड्या वेळाने तोही थांबला. आमच्या दोघांच्या ग्लासांमध्ये टेबलावर चार बोटांचं अंतर होतं. त्याचा हात तिथे आला… आणि परत गेला.

बुधवारी देऊळगाव राजाहून बाबांचा फोन आला. माझे वडील भगवानराव जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते, आणि मुख्याध्यापकासारखंच सांगायचे. “पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे येतायत. मुलगा नाशिकला बँकेत आहे. त्यांना फोटो पसंत आहे. शनिवारीच ये.” मागून आईचा आवाज आला, “तिला विचारा तरी—” आणि फोन बंद झाला.

मी रविवारी इंद्रभानला सांगितलं. कुठल्या तोंडाने सांगितलं कोण जाणे, पण न सांगणं खोटं वाटलं.

“पुढच्या रविवारी मी येणार नाही. घरी… बघायला येतायत.”

तो एका गिऱ्हाइकासाठी टोमॅटो तोलत होता. तोलले, परत ओतले, परत तोलले.

“काय करते मुलगा?”

“बँकेत आहे. नाशिकला.”

“चांगलं हाय,” तो म्हणाला. “बँक चांगली.”

त्याने काहीतरी म्हणावं म्हणून मी उभी राहिले. तो एक शब्द म्हणाला असता तरी… पण त्याने पोत्यामागून एक प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत वही होती, कापडी पाठीची, कडा झिजलेल्या.

“हे तुमच्याजवळच ठेवा, मॅडम. शब्द संपले.”

“अहो, ही तुमच्या घरची आठवण—”

“मले वाचता येते पण समजत नाई. तुमाले समजते. राहू द्या.”

पिशवी माझ्या हातात देऊन तो ताडपत्रीची घडी घालू लागला. अजून पाच वांगी तिच्यावर तशीच पडली होती.

तीन दिवस मी वही उघडली नाही. पिशवी खाटेखाली ठेवली, मग टेबलावर, मग पुन्हा खाटेखाली. बुधवारी संध्याकाळी शेवटी उघडली.

पुंजाजींचं अक्षर गोल आणि सावकाश होतं. नोजगे, लव्ह ॲपल, हिदर. एकेक ओळखीचं माणूस भेटावं तसे शब्द येत होते. दहा शब्द होते. शेवटच्या पानावर इसपिन्स्टर, आणि त्याच्याखाली ‘फेरवेल’. पुढे लिहिलं होतं, ‘बाई बोटीनं गेली. बगिचा हाय.’ त्यानंतर सगळी पानं कोरी.

मी पानं परत उलटली. एकदा, दोनदा. ॲनॉन नव्हता. टॅरी नव्हता. फोरलॉर्न, स्वेन… कुठेच नव्हते.

वही संक्रांतीच्या आधीच संपली होती. त्यानंतरचे शब्द पुंजाजींचे नव्हतेच. ते त्याने स्वतः कुठून तरी शोधून, निवडून, आपल्या हाताने कागदावर लिहून आणले होते. आलोच. थांब ना. एकाकी. आणि शेवटी तो, शेतकरीही आणि प्रियकरही. सात आठवडे मी त्याला अर्थ सांगत बसले होते, आणि मला मेलीला एकाचाही कळला नव्हता.

सकाळी मी कॉलेजला रजेचा फोन केला आणि धाडच्या जीपमध्ये बसले.

जीपवाल्याने फाट्यावर सोडलं. तिथून पायवाट. टोमॅटोच्या काठ्यांच्या रांगा, पलीकडे कांदा, मेथी. एक बाई डोक्याला फडकं बांधून मेथी उपटत होती. मला बघून तिने डोळ्यांवर हात धरला.

“कोण व बाई तू?”

“मी… निशिगंधा. बुलढाण्याहून आले. इंग्रजी शिकवते.”

इंद्रभानच्या आईने, पुष्पाबाईंनी, हातातली मेथी खाली ठेवली. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, अगदी सावकाश, आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू मऊ झाला.

“तूच काय ते? चार दिवसापासून जेवत नाई तो नीट. हिरीवर हाय पाय तिकडं. मी चहा ठेवतो.”

विहिरीजवळ तो पाइप जोडत बसला होता. पाय चिखलाने भरलेले. मला बघून उठला, आणि पाइप सुटून पाणी त्याच्याच अंगावर उडालं. मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही.

“तुमी… इथं काऊन?”

“वही परत द्यायला.” मी ती पुढे केली. “यात चार शब्द नाहीत.”

त्याने ओले हात पँटला पुसले. वही घेतली नाही.

“खोटं बोललात तुम्ही माझ्याशी.”

“हाव,” तो म्हणाला. “वही संपली होती. तुमाले म्हटलं असतं शब्द संपले, तं तुमी दुसऱ्याजवळून टमाटे घेतले असते. मंग मी मोबाईलवर जुने इंग्रजी शब्द शोधाले लागलो. एकेक शब्द शोधाले तीन-तीन दिवस लागत. जो तुमाले इचारून… मलेच सांगितल्यासारखं होईन, असा.”

“आणि वही का दिलीत मग? ती उघडली की मला कळणारच होतं.”

“म्हणूनच तं दिली.”

वारा आला. टोमॅटोच्या पानांचा तो कडवट हिरवा वास आमच्या मध्ये थांबून राहिला.

“चार नाई,” तो खाली बघत म्हणाला. “पाच होते. पाचवा इचाराची हिंमत झाली नाई.”

“कोणता?”

“राहू द्या.”

“इंद्रभान.” मी पहिल्यांदाच त्याला नावाने हाक मारली. “कोणता?”

“बिट्रोथ.”

“त्याचा अर्थ माहीत आहे तुम्हाला?”

“मोबाईलमधी लिहेल होता. लग्नाचा शब्द देणं.” त्याने मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं की ते पाइपचं उडालेलं, सांगता येत नव्हतं. “पण मी कायचा शब्द देऊ? माह्याजवळ बँक नाई, पगार नाई. तुमी नाशिकले—”

“पगार मलाही नाही. मी तासांवर आहे. जून आला की पुन्हा अर्ज.” थांबले तर पुन्हा आवाज निघणार नाही हे कळत होतं. “मी नाशिकला जाईन, मोठ्या घरात राहीन आणि कोणी मला एकही शब्द विचारणार नाही. मला नाही जायचं. बिट्रोथ हा विचारायचा शब्द नसतो. द्यायचा असतो.”

तो चिखलाचे पाय टाकत एक पाऊल पुढे आला.

“मले तुमी पाह्यजे,” तो म्हणाला. “रविवारीच नाई. रोज. हा माहा शब्द.”

“हा माझा,” मी म्हटलं.

त्याने माझ्या हातातून वही घेतली, जपून कोरड्या दगडावर ठेवली आणि मग माझा हात धरला. तळहात खरखरीत होता आणि थंड, पाण्यातून नुकताच काढलेला.

“कॉलेज सोडायचं नाई तुमी,” तो घाईघाईने म्हणाला. “फाट्यावरून साडेआठले जीप हाय. साडेनवाले बुलढाण्यात. मी पाहून ठेवलं.”

“कधी पाहिलंत?”

“…संक्रांतीच्या आधी.”

घरी पुष्पाबाईंनी चहा दिला, मग भाकरी, मग आणखी भाकरी. मी म्हटलं, “आज रात्री बाबांना फोन करते.”

“फोनवर?” इंद्रभान ताटावरून उठलाच. “फोनवर काऊन? मी येतो ना. आत्ताच जाऊ.”

“आत्ता?”

“रविवारी पाहुणे येतीन. त्यायले काऊन फसवायचं?”

तो आत जाऊन शर्ट बदलून आला. इस्त्रीची घडी तशीच होती, केस पाण्याने चापून बसवलेले. पुष्पाबाईंनी एका पिशवीत मेथी, वांगी, टोमॅटो भरून दिले आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

जीपने बुलढाणा, तिथून चिखलीवरून देऊळगाव राजाची बस. आमच्या मध्ये भाजीची पिशवी होती. अर्ध्या वाटेत त्याने ती उचलून पायाशी ठेवली. खिडकीतून गरम वारा येत होता, आणि आम्ही दोघंही खूप घाबरलेलो होतो. “नाई म्हणाले तं?” त्याने एकदा विचारलं. “तर उद्या परत विचारू,” मी म्हटलं. मग चिखली येईपर्यंत खांद्याला खांदा लागत राहिला. इतक्या वर्षांत बसमध्ये माझ्या शेजारी बसलेलं माणूस माझं कोणी असं नव्हतंच कधी.

गल्लीत पोचलो तेव्हा ऊन कलंडलं होतं. बाबा ओट्यावर खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मला बघून चष्मा वर सरकवला.

“तू? आज? तब्येत बरी आहे ना?” मग त्यांची नजर मागे गेली, पिशवीवर थांबली. “हे कोण? भाजी द्यायला आलेत का?”

“नाही बाबा. हे इंद्रभान. धाडकडचे. शेती करतात.” मी एका दमात सांगून टाकलं. “मला मागायला आलेत. आणि मीच त्यांना घेऊन आलेय.”

दारात आई आली होती, केसरबाई, पदराला हात पुसत. ती तिथेच थांबली. बाबांनी पेपरची घडी घातली, मग घडीची घडी.

“रविवारी पाहुणे येणार आहेत,” ते म्हणाले.

“माहीत आहे.”

“त्यांना मी काय सांगू?”

इंद्रभान पुढे झाला. त्याने खालच्या पायरीपाशी चपला काढल्या होत्या आणि अनवाणी उभा होता.

“काका, हो म्हणा असं मी म्हणत नाई. पाच एकर हाय, हीर हाय, आई हाय. नोकरी नाई, लागणार बी नाई. सगळं खरं सांगतो. तुमी फक्त आयकून घ्या. मंग हाकलून द्या, मी जातो.”

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे, पँटच्या कडेला राहिलेल्या चिखलाकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्तच वेळ. कित्येक वर्षांत त्यांनी माझा चेहरा असा निरखून पाहिला नव्हता. त्यात त्यांना काय दिसलं ते मला कधीच कळलं नाही, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.

आई हळूच म्हणाली, “अहो…”

बाबा खुर्चीतून उठले.

“चपला तिथं नका ठेवू,” ते इंद्रभानला म्हणाले. “गल्लीत एक कुत्रं आहे, उचलून नेतं. आत घ्या.”

इंद्रभानने वाकून दोन्ही चपला हातात घेतल्या आणि बाबांच्या मागोमाग तो घरात गेला.